ह्यांची पेटी

दुरुस्तीच्या दुकानात बाबांची पेटी उघडी पडली होती. भाता मागेच बदलला होता, पट्ट्याही नव्या होत्या. आता कारागीर ज्यांतून आवाज निघतो ते आतले पितळी सूर एकेक काढून वर्तमानपत्रावर ठेवत होता.

"झिजलेत सगळे. नवेच घालावे लागतील," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. बाबा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी याच पेटीवर गाते. 'ह्यांची पेटी' म्हणते. पण आता लाकडी खोक्याखेरीज त्यात बाबांचं उरणार काय? आणि हे आईच्या लक्षात आलं तर?

घरी आणल्यावर आईने षड्ज धरला आणि तिचा हात थांबला.

"आवाज बदललाय."

मला तिच्याकडे बघवेना. "जुने सूर आणलेत मी. परत बसवून घेऊ का?"

"कशाला? ह्यांनी ऐकलेला माझा आवाज तरी कुठे राहिलाय?" असं म्हणून ती गायला लागली.

पेटी स्वच्छ वाजत होती. आईचा श्वास मात्र मध्येच तुटत होता. प्रत्येक ओळीनंतर तिचा पुढचा श्वास येईपर्यंत मी जागचा हललो नाही.