दहावा पास

“पास नको देऊस, तूच मार!” एका सात वर्षांच्या पोरीचे पप्पा सुभानपुऱ्याच्या मैदानाबाहेरून असे किंचाळले, की पार लांबच्या सावली गावातल्या म्हशी आटल्या असतील. मी या पोरींना फुटबॉल शिकवतो, आणि माझा सरावाचा खेळ सोपा होता: चेंडू न गमावता दहा पास केले की एक गोल मिळणार. तीन महिने मी घसा फोडला, तेव्हा कुठे त्या दिवशी पहिल्यांदा नऊ झाले होते. समोर मैत्रीण मोकळी उभी होती. पोरीने पप्पांकडे पाहिलं आणि चेंडू सरळ झाडीत मारला.

“साहेब, उद्यापासून तुम्हीच शिकवा!” मी गरजलो.

“चालशे सर, चालतंय की, किक तर जोरदार होती ना!” पप्पा म्हणाले.

माझ्या कानांतून वाफ निघत होती. मी पोरीला विचारलं, “मी रोज काय सांगतो?”

“पास द्या,” ती म्हणाली. “पण तुम्ही तासभरच असता, सर. पप्पा घरी पण असतात.”