शेजारणीचे गुणी जंतू

आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी दाराची बेल कोपराने वाजवते. घरगुती दह्यातले जंतू पोटाला कसे उपयोगी पडतात, यावर ती प्रयोगशाळेत संशोधन करते आणि जंतूंविषयी पोटच्या पोरांसारखं बोलते. "काका, येवल्याचे गुणी आहेत हो. विंचूरचे जरा तापट."

एका रविवारी प्रयोगशाळा बंद आणि तिचा फ्रिज बिघडलेला, म्हणून द्वारका चौकातून एसटी पकडून गावोगाव फिरून जमवलेलं दही तिने बाटल्यांत भरून आमच्या फ्रिजात ठेवलं. बायको मला सांगायचं विसरून बाहेर गेली आणि मला नेमका पाककलेचा झटका आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटल्या न्यायला आली, तेव्हा मी कढीचा पराक्रम ऐकवला. ती रागावली नाही. एवढंच विचारलं, "काका, उकळलीत का?"

"म्हणजे काय! चांगली खळखळून."

"मग गेले सगळे," म्हणत ती मटकन बसली.

मी उरलेली कढी वाटीत घालून पुढे केली. तिने डोळे पुसले, एक घोट घेतला. "विंचूरचं जास्त पडलंय," म्हणाली आणि आणखी वाटीभर मागितली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा सगळी गावं फिरून आली. तिचा फ्रिज अजून बंदच होता. बाटल्या आमच्याकडेच ठेवल्या, पण या वेळी प्रत्येकीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'लघवीचा नमुना'.

आतलं घट्ट, पांढरं दही स्पष्ट दिसत होतं. तरी मी दिवसभर माठातलंच पाणी प्यायलो.