माझी कंबर आणि मंगळवेढ्याची ज्वारी

गेल्या सुगीत माझी कंबर धरली ती भर रानात, पहिल्याच पातीला. मंगळवेढ्याकडं आमच्या काळ्या रानात ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. जिनं तिनं आपली पात, म्हणजे नेमून घेतलेल्या ओळी, धरायची. दोन-तीन ताटं मुठीत घ्यायची, वाकायचं आणि हिसका द्यायचा. मी सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारी बाई. हिसका दिला, ताटं वर आली, मी काही वर आले नाही. रोजाच्या बायकांनी मला बाजेवर घालून घरी नेलं.

आईनं हळदीचा लेप लावता लावताच निकाल दिला. "एवढी एक सुगी बघायची अन् रान वाट्यानं देऊन टाकू. कुणी कसंल, निम्मं धान आपल्याला घालंल. तुज्या कमरेचं काय खरं न्हाय."

मला ते झोंबलं. वडील गेल्यावर हे रान तिनं एकटीनं राखलं. दर सुगीला मी आठवडाभर रजा टाकून यायचे, कारण घरचं माणूस पातीला असलं की बाकीच्यांचे हात चालतात. आता माझ्या कमरेपायी रान दुसऱ्याच्या हातात जाणार? मी पालथी पडूनच सांगितलं, "पुढच्या सुगीला अख्खी पात उपटून दाखवते. मग बोल."

"बरं," आई म्हणाली, आणि लेप जरा जोरातच चोळला.

भवानी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मग कमरेचं दुकानच लागलं. आधी पट्टा आला. तो इतका घट्ट की जेवण अर्ध्यावर सुटायचं. मग आली थरथरणारी मशीन, तिनं कंबर सोडून दात तेवढे हलले. प्लास्टिकच्या काट्यांची चटई आली, तिच्यावर पंधरा मिनिटं पडले तर पाठभर लाल ठिपके उठले. नवऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "गोवर आला की काय?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेले. बाई कसली, पोरगीच. तिनं आधी पट्टा सोडायला लावला. "काकू, सगळं काम पट्ट्यानं केलं तर कंबर काय करणार?" मला पोरगी आवडली. तिनं व्यायाम दिले. उताणं पडून गुडघे मोडून कंबर उचलायची. गुडघ्या-हातांवर येऊन पाठ मांजरासारखी वर-खाली करायची. आणि सगळ्यांत अवघड, झाडूचा दांडा पाठीला उभा लावायचा. तो डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेला ठेवून खुब्यातून वाकायचं. दांडा कुठं सुटला की चुकलं. महिनाभर माझा दांडा सुटतच होता.

पण मी हटले नाही. रोज पहाटे पाचला गच्चीवर. ताप आला ते तीन दिवस सोडले तर एकही दिवस खाडा नाही. दिवाळीनंतर सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली आणि दोन्ही हातांनी ओढून ओढून ज्वारी उपटायचा सराव केला. नवरा एवढंच म्हणाला, "खिडकी तेवढी ठेव." या खेपेला मीसुद्धा हसले.

यंदा एसटीनं मंगळवेढ्याला उतरले ती हातात झाडूचा दांडा घेऊनच. आई म्हणाली, "झाडायला आलीस का उपटायला?"

सकाळी पात धरली. गुडघे सैल, पाठ सरळ, वाकायचं खुब्यातून. ताटं येत गेली. भेगाळलेल्या मातीतून मुळं सुटताना हाताला कळतं, तसं प्रत्येक हिसक्याला कळत होतं की कंबर माझी आहे. दुपारी पात संपली तेव्हा मी ताठ उभी होते. आईला दाखवावं म्हणून वळले, तर आई तिच्या पातीत नव्हती.

ती बांधापलीकडं सापडली. उताणी पडलेली, डोळे मिटलेले, कमरेखाली उन्हानं तापलेला चपटा दगड. तो दगड मला लहानपणापासून माहीत. मला वाटायचं, बसायला ठेवलाय. सावली सोडून उन्हात का ठेवलाय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"कवापासनं दुखतंय?" मी विचारलं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "तू झालीस तवापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय ताटं आपोआप उपटत्यात व्हय?"

मी तिथंच मातीत बसले. रान वाट्यानं द्यायचं होतं ते तिच्या कमरेपायी. पण 'माझ्यानं होत नाही' हे तिच्या तोंडून कधी निघालं नसतं. माझी कंबर तिला आयती सापडली होती, आणि ती मी वर्षभर राबून बरी करून आणली होती. मला तिचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग रडू आलं.

संध्याकाळी शेजारचा शेतकरी बांधावर आला. वर्षभर तो आमचं रान वाट्यानं मागत होता. आई माझ्याकडं बघायला लागली. मी दोन्ही हात कमरेवर ठेवले, चांगली कण्हले आणि म्हणाले, "दादा, पुढच्या सालापासनं तुमीच करा. माझी कंबर काय साथ देत न्हाय."

"व्हय की," आई लगेच म्हणाली. "पोरीची कंबर लई नाजूक. माझं काय, मी अजून धा सुग्या केल्या असत्या."

मी मान डोलावली. कंबर जराही दुखत नव्हती.

तो गेल्यावर आई दांड्याकडं बघत म्हणाली, "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे. झाडायला हुईल."

मी दांडा उचलला आणि तिच्या पाठीला लावला. डोकं, पाठ, माकडहाड. वाटलं होतं झटकून टाकेल, पण ती हलली नाही.

"आता वाक," मी म्हणाले. "हळू."

ती वाकली.