रविवारी मागच्या सीटवर

भूकंपानंतरच्या त्या वर्षांत लातूरकरांचा घराच्या भिंतींवर भरवसा राहिला नव्हता, आणि शिकवण्या मात्र गल्लोगल्ली उघडत होत्या. मी मूळचा मुखेडकडचा, अशाच एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचो. गणिताचे सर माझ्याच वयाचे, पण कोकणातल्या, समुद्राकाठच्या गावचे. इतक्या लांब ते का आले, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात जे नीट माहीत नसतं, त्याचा संशयच येतो.

त्यांच्याकडे जुनी मोटारसायकल होती. रविवारी सकाळची बॅच सुटली की ते निघायचे आणि दिवस मावळताना धुळीने माखून परत यायचे. कुठे गेला होतात, असं विचारलं की म्हणायचे, "असंच. फिरायला."

आमच्याकडे नुसतं फिरायला कोण जातं? लोक शेतावर जातात, सोयऱ्यांकडे जातात, दवाखान्यात जातात.

त्याच वर्षी आमच्या एका शिक्षकाने दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढला होता आणि पोरंही नेली होती. संचालक पोळलेले होते. एके दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटलं.

"हे गणितवाले खेड्यापाड्यानं काय करायलेत दर रविवारी? पोरं तर जमवायले नाहीत ना? जरा बघा सर. तुम्ही इकडलेच, तुमाला कळंल."

नाही म्हणता आलं असतं. पण तो संशय माझ्याही मनात होताच. पुढच्या रविवारी मी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, "सर, मी येऊ का?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग किक मारली आणि म्हणाले, "बसा."

औशाच्या पुढे त्यांनी हमरस्ता सोडला. वाट एका बैलगाडीपुरती, दोन्ही अंगांनी बाभळी, मधोमध गवताचा पट्टा. समोरून ट्रॅक्टर आला की आम्ही शेताच्या धुऱ्यावर चढून उभे राहायचो. ज्वारी कणसात आली होती, करडई पिवळीधमक फुलली होती. एका चढावरून खाली बघताना तर मी कशासाठी आलोय, हेच विसरलो. मग ध्यानात आलं आणि पुन्हा त्यांच्या मानेकडे बघत बसलो.

प्रत्येक गावात ते हॉटेलापाशी थांबायचे, चहा घ्यायचे, चार माणसांशी बोलायचे आणि खिशातल्या लहानशा वहीत काहीतरी लिहायचे. मी जवळ सरकलो की वही मिटलेली असायची. निदान मला तसं वाटायचं.

असे चार-पाच रविवार गेले. एकदा भूकंपात पडलेल्या एका गावापाशी आम्हाला तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी अडवलं. मागे दगडमातीचे ढीग होते, त्यांवर बाभळी उगवल्या होत्या. गाव पलीकडे नव्या वसाहतीत गेलं होतं.

"कोण तुम्ही? सर्वेवाले? का फोटोवाले?"

"नाही बाबा, मास्तर आहोत," गणिताचे सर म्हणाले. "इथे तळं आहे म्हणे. ते बघायला आलो."

"तळं?" बाबांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. "त्यात काय बघायलात? पाणीच हाय की."

"तेच बघायचंय."

बाबांचा विश्वास बसला नाही. माझाही नव्हता. पण आमच्यावर नजर ठेवायला म्हणून ते सोबत आले. बांधावर पोचलो तर केवढं तरी पाणी पसरलेलं, वाऱ्याने त्यावर बारीक लाटा उठत होत्या. सरांनी शर्ट, चपला काढल्या, पँट दुमडली आणि गुडघाभर पाण्यात जाऊन नुसते उभे राहिले. शर्ट काठावर होता. खिशात वही.

बाबा बिडी पेटवत होते. मी वही उघडली. गावांची नावं होती, प्रत्येकासमोर बरोबर किंवा चूक अशी खूण. काही नावांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं: 'पाणी दोन्ही बाजूंनी.' 'बगळे पुष्कळ.' 'लाटा, पण खारा वास नाही.'

एवढा शिकलेला माणूस तळ्यांची यादी करतो, हे माझ्या मनाला पटेना. ही सांकेतिक भाषा असणार, असं मी स्वतःला समजावलं. सोमवारी संचालकांना सांगितलं, "वहीत गावांची नावं आहेत. पुढे खुणा आहेत." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. बगळ्यांचं आणि लाटांचं मात्र मी बोललो नाही.

महिनाअखेरीला गणिताच्या सरांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते पुस्तकं बांधत होते. बसायलाही न सांगता म्हणाले, "तुमचंच काम ना?"

मी मान हलवली. "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच रविवारी. तुम्ही रस्ता कमी आणि मला जास्त बघत होतात."

"मग नेत का राहिलात?"

त्यांनी सुतळीची गाठ आवळली. "बघून आलो की सांगायला कोणी नसायचं हो इथे. वाटलं, चार रविवारांनी तुम्हालाही आवडेल."

"आवडलं होतं," मी म्हणालो. माझं मलाच ते खोटं बोलल्यासारखं ऐकू आलं. त्यांनी पुढचा गठ्ठा ओढला.

"आता गावी जाणार?" मी विचारलं.

"नाही. आता क्लास काढतो."

आणि खरंच काढला. आमची निम्मी पोरं तिकडे गेली. संचालक स्टाफसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सरांनी आधीच वळखलं होतं बरं का!" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

वर्षभराने गणिताचे सर बाजारात भेटले. धीर करून विचारलं, "येत्या रविवारी जायचं का? गाडी मी चालवतो."

ते हसले. हातात छापून आणलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. "रविवारी टेस्ट असते हो," म्हणाले आणि रिक्षात बसले.