आतली बेल

मंगलाचा फोन आला तेव्हा मी दिवाळीच्या कामांची यादी करत होते. माळा आवरणे, पडदे धुणे, शेगडी दुरुस्तीला देणे, गहू निवडणे, आणि पाचवं काम होतं, ‘सुपडूभाऊजींना फोन करणे, वरच्या खोलीतला पंखा आवाज करतो.’ स्क्रीनवर त्यांच्याच घरचा नंबर दिसला. मनात आलं, बोलवायच्या आधीच माणूस हजर. पण बोलत होती मंगला, माझी जाऊ. ‘ताई, हे गेले... चहा पिता पिता गेले,’ एवढंच म्हणाली. कामरेजला त्यांच्या घरी पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेन अजून हातातच आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. पंखा आवाज करतोच आहे. दुसऱ्या कुणाला मी बोलावलेलं नाही.

सुपडूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. माझ्या नवऱ्याच्या पाठची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्यांना जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं. खानदेशात अशी नावं पुष्कळ. सुरतेत लोक नावाला हसायचे तेव्हा ते म्हणायचे, ‘दोनदा पाखडलं तरी सुपातच राहिलो, उडालो नाही.’ अमळनेरजवळच्या गावातून दोघे भाऊ सुरतेला आले. हे सचिन भागातल्या एका मिलमध्ये लागले, आणि भाऊजी लिंबायतच्या एका पॉवरलूमच्या शेडमध्ये वायरमन झाले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही गोडादऱ्यात रो हाउस घेतलं. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी, वर एक खोली. त्याआधी आम्ही सगळे एकाच भाड्याच्या खोलीत राहत होतो. एक खोली, एक बल्ब, एक बटन. चुकायला जागाच नव्हती.

नव्या घराचं लाइट फिटिंग मीच करणार, असं भाऊजींनी जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात शेडची नोकरी सोडली. आमच्या गल्लीत आणखी अकरा घरं उभी राहत होती. त्यांच्या भिंती झाल्या होत्या, फिटिंग व्हायचं होतं. वास्तुशांतीला सगळे शेजारी येणार, आपलं काम बघणार आणि आपल्यालाच बोलावणार, असा त्यांचा हिशेब. तो चुकला असता तर पुन्हा शेठसमोर जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि मंगलाला तेव्हा सातवा महिना होता.

वास्तुशांतीला दहा दिवस होते. घर पुसून काढायला म्हणून आई आणि मी बादल्या, झाडू घेऊन गेलो. दाराच्या आत उजव्या हाताला एक बोर्ड होता. बोर्ड कसला, पाटच. वर चकचकीत सनमायका आणि दोन ओळींत चौदा काळी बटनं. मी पहिलं दाबलं. बैठकीत काहीच झालं नाही, मोरीत उजेड पडला. दुसऱ्यानं वरच्या खोलीतला पंखा सुरू झाला. तिसऱ्याचं काय झालं ते कळेना. शेवटी आईंना मागच्या अंगणात उभं केलं, तेव्हा त्या ओरडल्या, ‘आठे पेटना वं!’ म्हणजे, इथं पेटला. स्वयंपाकघरात, मोरीत, वर, कुठंही एक बटन नव्हतं. सगळ्या घराची बटनं दारात. म्हणजे मोरीत जायचं तर आधी दाराशी यायचं, दिवा लावायचा, मग घर ओलांडून मोरीत जायचं. आई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, ‘हाई घर शे का कारखाना?’

आईंनी नेमकं तेच ओळखलं होतं. भाऊजींनी आयुष्यात फक्त शेडचं फिटिंग केलेलं. शेडमध्ये सगळी बटनं दाराशी असतात. पाळी संपली की मुकादम जाता जाता एक हात फिरवतो, आणि सगळं बंद. आणि चौदावं बटन? ते मी दाबलं तेव्हा डोक्यावर घणघणाट झाला. ती आमची दारावरची बेल होती. शेडमध्ये पाळी सुटल्याची घंटा मुकादम आतून वाजवतो, म्हणून आमच्याही बेलचं बटन घराच्या आत होतं. पाहुण्यानं बाहेर उभं राहायचं आणि आम्ही आतून बेल वाजवायची.

हसून हसून आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसलो. मग हसू ओसरलं. मी पिशवीतून वही काढली आणि पुन्हा एकदा घरभर फिरून यादी केली. सतरा चुका निघाल्या. नववी होती, ‘बेलचं बटन घरात आहे.’ संध्याकाळी ह्यांना वाचून दाखवली, तर हे म्हणाले, ‘राहू दे. नवी नोकरी नाही, घरात बाळ येतंय. आत्ता त्याचं मन मोडू नको.’ मला मात्र वाटत होतं की आपण गप्प बसलो तर आपलं नाही, त्यांचंच नुकसान. आपण चालवून घेऊ, शेजारी कशाला घेतील? दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी यादी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, घडी करून खिशात घातली आणि न जेवता निघून गेले. ताट तसंच झाकून ठेवलं. मंगला माझ्याकडे बघत नव्हती.

सकाळी नव्या घराशी गेले तर भाऊजी आधीच तिथं. बोर्ड उतरवलेला, भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या अर्ध्या उखडलेल्या. मला बघून त्यांनी खिशातून एक खडू काढला.

‘वहिनी, डोळे मिटा आणि घरात चाला.’

‘कशाला? पडायला?’

‘यादी करता येते ना? मग चालता पण येईल. मोरीत जा. दिवा लावायला हात कुठे जातो ते बघू.’

मी डोळे मिटून मोरीकडे गेले आणि हात आपोआप चौकटीच्या डाव्या बाजूला गेला. ‘थांबा, तिथंच,’ ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या बोटाशी खडूनं फुली मारली. मग स्वयंपाकघर, मग जिना, खालून एकदा आणि वरून एकदा. पुढं आईंनाही चालवलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा वीतभर खाली गेला, म्हणून सगळी बटनं खाली घेतली. ‘तिले दिसत नही तरी पोऱ्याले दिसनं,’ आई पुटपुटल्या, म्हणजे डोळे मिटलेल्या सुनेला दिसत नाही, पण पोराला दिसलं. जिन्याला खाली-वर दोन्हीकडून चालणारं बटन कसं जोडायचं ते भाऊजींना ठाऊक नव्हतं. एका ओळखीच्या मिस्त्रीकडे जाऊन दोन दिवसांत शिकून आले. ‘शेडला जिना नसतो ना, वहिनी...’ एवढीच एक सबब मी त्यांच्या तोंडून ऐकली.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवसापर्यंत सोळा कामं झाली. नववं, बेलचं, राहिलं. दाराच्या चौकटीला हळदकुंकू लावून तोरण बांधून झालं होतं, आणि गुरुजी म्हणाले, आता पूजा होईपर्यंत चौकटीला खिळा ठोकायचा नाही.

झालं, दुसऱ्या दिवशी नेमकं तेच नडलं. शेजारच्या प्लॉटच्या सविताबेन, गल्लीत ज्यांच्या शब्दाला सगळे मान देत त्या, दाराबाहेर उभ्या राहून चौकट चाचपायला लागल्या. ‘बेल क्यां छे?’ त्यांनी विचारलं. आणि आई, साध्या स्वभावाची बाई, आतूनच म्हणाल्या, ‘थांबा, मी वाजाडस,’ आणि वाजवली. सगळी बैठक हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, वायरमन कोण आहे, बघू तरी. मंगला पदराचं टोक चावत उभी होती. मला वाटलं, संपलं सगळं, आणि ते माझ्या यादीनं नाही, तर यादीतल्या एका राहून गेलेल्या कामानं.

भाऊजी पुढं आले. खिशातून यादी काढली आणि एकपासून सतरापर्यंत मोठ्यानं वाचली, निम्मी गुजरातीत, निम्मी हिंदीत. मोरीच्या दिव्याचं बटन कसं दारात होतं, हे त्यांनी मुकादमासारखं हात फिरवून दाखवलं. लोक पोट धरून हसत होते. शेवटी ते म्हणाले, ‘बेन, जेवढ्या चुका करायच्या होत्या तेवढ्या मी भावाच्या घरात करून घेतल्या. तुमच्याकडे एकही उरली नाही.’ मग सविताबेनना डोळे मिटून आमच्या स्वयंपाकघरात चालवलं. त्यांचा हात बरोबर बटनावर पडला. डोळे उघडून त्या माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, ‘आ लिस्टवाळां बेनने साथे लावजो.’ सोबत ह्या यादीवाल्या बाईंनाही आणा.

त्या गल्लीतली नऊ घरं भाऊजींनी केली, आणि नंतर कामरेजपर्यंत किती केली ते मोजणं मी सोडून दिलं. प्रत्येक ठिकाणी आधी घरच्या बाईला डोळे मिटून चालवायचं, मग खडूची फुली. पुरुषांना विचारायचे नाहीत. ‘त्यांना पंखा लावायला सांगितला तर ते बाईलाच हाक मारतात, त्यांचा हात कुठे जाणार?’ मी बरीच वर्षं ‘लिस्टवाळी बेन’ म्हणून ओळखली जात होते. अजूनही भाजीवाली तेच म्हणते.

पूजेनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी बाहेर बेलचं बटन बसवलं, पण आतलं काढलं नाही. आमचं दार दिवसभर उघडंच. भाऊजी सरळ आत यायचे, चप्पल काढायचे आणि मग आतली बेल वाजवायचे. वरून हे ओरडायचे, ‘सुपडू आला, चहा ठेव.’ कितीदा म्हटलं, भाऊजी, आत आल्यावर बेल कोण वाजवतं? ते नुसते हसायचे. यादी परत मागितली की म्हणायचे, ‘एक काम बाकी आहे, झालं की देतो.’

दिवसकार्य झाल्यावर मंगलानं त्यांची हत्यारांची पिशवी उघडली. पक्कड, टेस्टर, खडूचे तुकडे, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात ती यादी. सोळा ओळींपुढं ‘झाले’. नवव्या ओळीपुढं त्यांच्या वाकड्या अक्षरात, ‘राहू द्या. बाहेरची बेल पाहुण्यांची. मी घरचा.’

परवा दुपारी घरातले बोर्ड पुसत होते. आतल्या बटनावर फडकं जरा जोरात फिरलं आणि बेल वाजली. वरच्या खोलीतून, पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून, हे सवयीनं ओरडले, ‘सुपडू आला, चहा ठेव.’

मी स्वयंपाकघरात गेले, न बघता डावीकडचं बटन दाबलं, आणि तीन कपांचं आधण ठेवलं.