कवटीची पांढरी कड

“कवटीला करवंटी म्हणते, आणि मोजायला आलीय,” आतून त्या घरच्या सुनेचा आवाज आला. सासू हसली. मी पडवीत बसून मापं घ्यायचा व्हर्निअर पुसत होते, तशीच पुसत राहिले. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी ऐन वेळी असाच दगा देतं. त्यानंतर मी जमेल तेवढं खुणांवरच भागवलं.

किनाऱ्यालगतच्या आणि घाटाखालच्या रानडुकरांच्या कवट्यांत किती फरक असतो, हा माझ्या अभ्यासाचा विषय. पूर्णगडच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, एका घरी कवटी असल्याचं कळलं होतं. परवानगीच्या अटीप्रमाणे सोबत वनरक्षक होते. काजूच्या बागेला दृष्ट लागू नये म्हणून घरच्या काकांनी ती बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, खांबाला ठोकली होती. आमच्यासाठी त्यांनी ती उपटून आणली.

मी लांबी घेतली, गालफडांची रुंदी घेतली. दोन डोळ्यांच्या मधोमध भोक होतं. वनरक्षकांनी त्याला करंगळी लावून बघितली.

“काका, बार कोणी काढला?”

“बार नाय, साहेब. पऱ्याच्या पाण्यात मेलेला गावला. भोक खिळ्याचा हाय.”

“सगळ्यांचे खिळेच असतात.”

त्यांनी मोबाइलवर फोटो काढले. कवटी जप्त होईल, काकांनी आजच ऑफिसात यायचं, बंदूक कोणाची तेही सांगायचं, असं ते म्हणाले. आतली भांड्यांची खुडबुड थांबली. काका त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. या माणसाला त्यांच्या दारात मीच आणलं होतं.

कवटी अजून माझ्या मांडीवर होती. उन्हापावसाने तपकिरी झालेली, कानामागे शेवाळ धरलेली. भोकाची कड मात्र खडूसारखी पांढरी. जिवंतपणी गोळी लागली असती, तर बाकीच्या हाडाबरोबर तीही काळवंडली असती. मला हे सगळं येत होतं, पण इंग्रजीत. सून चहाचे कप घेऊन दारात खिळून उभी होती. वनरक्षकांनी कवटीसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही, आणि तोंडातून पुन्हा तोच शब्द निघाला.

“साहेब, करवंटी जुनी आहे, भोक नवं आहे. कड बघा, पांढरी आहे. डुक्कर मरून, हाड वाळल्यावर पडलंय हे. काका खरं बोलतायत.”