चौथं दशक काकाचं

माझी आजी कोणावरही विश्वास ठेवायची नाही.

देवावर ठेवायची. पण त्याच्यावरही लक्ष असायचं तिचं.

आज तिचा स्मृतिदिन. फोटो टाकत नाहीये. फोटोत ती फारच गरीब दिसते, आणि ती तशी अजिबात नव्हती.

वसईत होळी नावाच्या नाक्याजवळ आमची वाडी. केळी, भाजी, थोडी फुलं. एकाच घरात आजी, आम्ही आणि काका-काकी.

आजीच्या मते दूधवाला पाणी घालतो, भाजी नेणारी बाई वजनात मारते, आणि नवीन फादर चर्चमधली मिस्सा लवकर उरकतात म्हणजे त्यांना नक्की कुठेतरी जेवायला बोलावलेलं असणार.

संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. चुकवायची नाही. ताप असला तरी नाही.

रोझरीत पाच दशकं असतात. एका दशकात दहा वेळा नमो मरिया. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी म्हणून उत्तर द्यायचं. आमच्याकडे दशकं वाटलेली होती. पहिलं पप्पांचं, दुसरं मम्मीचं, तिसरं काकीचं, चौथं थॉमसकाकाचं, शेवटचं आजीचं.

९५-९६ चा काळ असेल. आजूबाजूला बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. शेजारच्या मावशीच्या मुलांनी तिला न विचारता वाडी विकून टाकली. आजी त्या दिवशी जेवली नाही.

थोड्या दिवसांनी आमच्या वाडीत एक माणूस आला. सफारी, गॉगल, कमरेला पेजर. विहिरीभोवती फिरला, रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली आणि निघून गेला.

आजी पप्पांना म्हणाली, "ह्या मानसाला कोनी आनला? तुझ्या भावाला विचार."

मग मागच्या दारी काकाला गाठून म्हणाली, "कोनी आनला त्याला? तुझ्या भावाला विचार."

दोन्ही वेळा मी तिथेच होते, शेंगा सोलत. मला काहीच वाटलं नाही. तिला दोघांवर संशय, त्यात नवीन काय?

पण दोघं भाऊ पेटले.

"तुलाच विकायची घाई झालीय!"

"मला? फ्लॅट बघत कोण फिरतंय मग?"

महिनाभर घरात नुसते टोमणे. आगेरा, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतो तो सण, त्याच्या आधीच काका-काकी गोखिवऱ्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले.

वाडी विकायची दोघांनाही नव्हती हो. पण ऐकतंय कोण.

काकीचं दशक आजीने मला दिलं. काकाचं कोणालाच दिलं नाही.

"चौथं थॉमसचं," म्हणायची आणि गप्प बसायची. काकाच्या अर्ध्या प्रार्थनेला जेवढा वेळ लागला असता तेवढं थांबायचं. मग आम्ही सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "हे पवित्र मरिये, देवाच्या माते..."

दहाही वेळा. रिकाम्या खुर्चीला.

पप्पा वैतागायचे. "आई, तो काय मेलाय का?"

"मेला असता तर दुसऱ्याला दिलं असतं."

नातेवाईक म्हणायचे, म्हातारीला भ्रम झालाय. मला पटायचं नाही. मी तिचीच नात. मला वाटायचं, ही काहीतरी लपवतेय.

कारण ती कन्फेशनला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला, आमच्या चर्चमध्ये जाईना. मला घेऊन रिक्षाने दुसऱ्या गावात जायची. पुढच्या खेपेला तिसऱ्या.

"आपले फादर आहेत की," मी म्हणायचे.

"त्यांना ऐकू कमी येतं."

फादरना चांगलं खणखणीत ऐकू यायचं.

माझी पापं चटकन संपायची. तिची संपता संपत नसत, मागची रांग कुरकुरायची. ती बाहेर यायची ती तोंड पाडून. रिक्षात बसल्यावर पुटपुटायची, "हा फादर पन तसलाच."

तसलाच म्हणजे कसला? सांगेल तर शपथ.

सहा-सात वर्षं अशीच गेली. मग ती अंथरुणाला खिळली. मम्मीने पप्पांना न विचारता काकाला फोन केला.

काका आला. चपला न काढता दारातच उभा. हळूच मम्मीला विचारतो, "सह्याबिह्या नाहीत ना?"

पप्पा आत पुटपुटले, "आला हिस्सा मागायला."

बरोबर रोझरीची वेळ. तिसरं दशक मी म्हटलं. मग नेहमीसारखी शांतता, आणि आम्ही उत्तर दिलं.

काका बावरला. "हे काय चाललंय?"

"तुमचं दशक आहे," मम्मी म्हणाली. "तुम्ही गेल्यापासून असंच म्हणतो."

काकाने चपला काढल्या आणि आत येऊन बसला.

तेवढ्यात आजी बोलली, भिंतीकडे बघत. "त्या गॉगलवाल्या मानसाला मीच बोलावलेला."

"कशाला?" पप्पांनी विचारलं.

"बघायचं होतं, दोघांतला कोन विकायला निघतो. कोनीच नाय निघाला. तुम्ही एकमेकांवरच उठलात. मग सांगायला मला तोंड नाय राहिलं. सगळे फादर सांगत होते, पोरांना सांग, पोरांना सांग."

पप्पा उठून बाहेर गेले. काका त्यांच्या मागे.

मला तिचा भयंकर राग आला. आणि इतकी वर्षं ती कशी जगली असेल, या विचाराने रडूही आलं.

"बघ गं," आजी म्हणाली, "मारामारी करतात काय."

मी जाऊन बघून आले. दोघं विहिरीच्या कठड्यावर बसले होते.

"तुला शिव्या घालतायत," मी सांगितलं.

"दोघं?"

"दोघं."

"मिळून?"

"हो गं, मिळून."

आजीने क्रूसाची खूण केली.

"मग घालू दे," म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली. शवपेटीला पुढून दोघांनी खांदा दिला.

आजी, प्रभूच्या घरी सुखात राहा. तिथे कोणाची परीक्षा घेऊ नकोस.